घडी घातलेली सावली

“कुठला प्रसंग?” असे ग्रंथपालबाईंनी विचारले, आणि इतक्या सहज विचारले, की आपण काही बोललोच नाही, दुसरेच कुणी बोलले, असे त्याला क्षणभर वाटले. रविवारची दुपार होती. छपाईवाल्याच्या दुकानात कापडावर छापायच्या चौकटी भिंतीला टेकून वाळत होत्या, रंगाचा उग्र वास नाकाच्या अंगवळणी पडला होता, आणि त्या वासात छपाईवाला, ग्रंथपालबाई आणि तो असे हे तिघे, वर्षानुवर्षे बसत आले तसे, उंच स्टुलांवर बसले होते. तिघांना बांधणारा धागा एकच होता : ‘छायाद्वार’. त्या चार खंडांनी लहानपणी तिघांना तीन वेगळ्या घरांत झपाटले होते, आणि एका तपापूर्वी त्यांवर निघालेल्या सिनेमाने तिघांनाही सारखेच तोंडघशी पाडले होते. दुसरा भाग येणार अशी आवई अधूनमधून उठे आणि विरून जाई. पण आज सकाळी चौकात फलकच लागला होता. धुके, धुक्यात उंच दार, आणि दारापाशी पाठमोरी उभी असलेली एक बाई. त्या फलकाने तिघांच्याही मनाची घडी विसकटली होती.

“दिग्दर्शक तोच आहे,” छपाईवाला म्हणाला होता. “कुत्र्याचं शेपूट. नळी नवी आणली म्हणून सरळ होत नाही.”

“माणूस चुकतो, शिकतो,” ग्रंथपालबाई म्हणाल्या होत्या. “एवढ्या वर्षांत त्यालाही कुणी चार शब्द सुनावले असतील की.”

“सुनावले असतील हो. ऐकले असतील कशावरून? काय कानवाले, तुमच्याकडे पाठवू या का त्याला तपासायला?”

कान तपासणे हा त्याचा व्यवसाय, म्हणून तो इथे ‘कानवाले’ होता. एरवी तो हसला असता. पण फलकावरची पाठमोरी बाई सकाळपासून त्याच्या मनात उभी होती, आणि आजवर कुणापाशी न काढलेला विषय त्याच्या तोंडून निसटला. “काही म्हणा,” तो म्हणाला, “सावलीला ऊब देण्याचा तो एक प्रसंग ज्याने घेतला, तो माणूस अगदीच वाया गेलेला नसणार.”

तेव्हा ग्रंथपालबाईंचा तो प्रश्न आला. त्याने सांगितले, सांगताना आपला आवाज अकारण मऊ होतो आहे हे त्याचे त्यालाच जाणवत होते. ‘छायाद्वार’मधल्या नगरीत शिरणाऱ्याने आपली सावली दाराशी ठेवून जायचे असते, आणि द्वारपालिका त्या सावल्यांच्या घड्या घालून कपाटात ठेवते, हे तर सर्वांना ठाऊकच होते. पण नगरीत गेलेली एक लहान मुलगी परत येत नाही. तिची आई दाराशी येते. द्वारपालिका कपाट उघडते, तळाच्या खणातून एक इवलीशी घडी काढते, पण लगेच देत नाही. “फार दिवस घडीत होती, गार पडली आहे,” एवढेच म्हणते; आणि ती सावली दोन्ही तळहातांत धरून, तिच्यावर आपला श्वास सोडीत, ऊब येईपर्यंत उभी राहते. मग आईच्या ओटीत घालते. गाणे नाही, वाद्य नाही, काही नाही.

चौकटीवरून रंगाचा एक ओघळ खाली उतरत होता, तो छपाईवाल्याने बोटाने टिपला.

“हे पुस्तकात नाही,” ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या.

“पुस्तकात नाहीच. सिनेमात आहे. म्हणून तर म्हणतो.”

“सिनेमात द्वारपालिका येते किती वेळ? दार उघडताना आणि दार लावताना. मधे सगळे ते उडणारे गवे.”

“आणि राजाचा तो मुकुट,” छपाईवाला म्हणाला. “कुकरची शिटी. थांबा, लावूनच बघू.”

त्यांनी सिनेमा लावला. छपाईवाल्याच्या संगणकाचा पडदा रंगाच्या शिंतोड्यांनी भरलेला होता, आणि त्या शिंतोड्यांखालून गवे उडू लागले. हा सिनेमा त्याने पुन्हा कधीच पाहिला नव्हता. वाईट सिनेमा दोनदा कशाला पाहायचा, असे तो लोकांना सांगे. स्वतःला मात्र त्याने कधी काही सांगितले नव्हते. आता येईल, या युद्धानंतर येईल, राजाच्या भाषणानंतर येईल, असे तो म्हणत राहिला, आणि छपाईवाला चित्र पुढे मागे करीत राहिला. कपाट आले. कपाट बंदच होते. द्वारपालिका त्याच्यापुढून चालत गेली आणि तिने दार लावून घेतले. मग नावे वर सरकू लागली.

“तुमच्या थिएटरात वेगळी प्रत असेल,” ग्रंथपालबाई दयेने म्हणाल्या. “कधीकधी कापतात नंतर.”

“एवढी चांगली गोष्ट त्या माणसाने घेतली असती,” छपाईवाला म्हणाला, “तर ती तरी कापली असती का हो? गवे नसते कापले?”

घरी चालत येताना ‘वेगळी प्रत’ हे शब्द त्याच्या पायांत पायांत येत राहिले, कारण ते त्याने पूर्वी ऐकलेले होते. ताई त्याला ‘छायाद्वार’ वाचून दाखवीत असे. त्याला अजून जोडाक्षरे नीट लागत नव्हती तेव्हापासून. पलंगावर ती भिंतीला टेकून बसे, तो आडवा पडे, आणि अट अशी असे की त्याने हुंकार देत राहायचे. हुंकार थांबला की पोर झोपले असे समजून ती पुस्तक मिटत असे. झोप डोळ्यांवर उतरलेली असतानाही पुस्तक मिटू नये म्हणून तो “हं… हं…” करीत राही. कित्येकदा झोपेतही करीत असावा, कारण सकाळी जो भाग आपण ऐकला असे त्याला पक्के आठवे तो ताईने वाचलेलाच नसे, आणि तिने वाचलेला त्याला मुळीच आठवत नसे. पुढे तो स्वतः वाचू लागला तेव्हा त्याला आणखी एक शोध लागला. ताईने वाचलेल्या कितीतरी गोष्टी पुस्तकात नव्हत्या. द्वारपालिकेचे एक आंधळे मांजर नव्हते. सावल्या वाळत घालायची दोरी नव्हती. तो रडकुंडीला येऊन तिच्याकडे गेला, “ताई, हे यात नाहीच,” म्हणाला, आणि ती वेणी घालता घालता, मागे न पाहता म्हणाली, “तुझी प्रत वेगळी असेल.” घरात पुस्तक एकच होते. तरीही त्याने ते मान्य केले. आता विचार करताना त्याला आश्चर्य त्याचेच वाटले, की आपण ते किती सुखाने मान्य केले होते.

पण सिनेमाची गोष्ट तशी नव्हती. सिनेमा कुणी वाचून दाखवलेला नव्हता. तो त्याने डोळ्यांनी पाहिला होता. की नव्हता? त्या दिवसाचे सगळे त्याला लख्ख आठवत होते, आणि हीच लख्खता आता संशयाची वाटू लागली. भाची जाऊन फार दिवस झाले नव्हते. तीन दिवसांच्या तापाने ती गेली, आणि ताई नुसती बसून राहू लागली. खिडकीपाशी नव्हे, फोटोपाशी नव्हे. कुठेही, जिथे असेल तिथे. जेवण पुढे आले तर जेवी, नाही आले तर नाही. भावोजी बिचारे घरभर हळू पावलांनी वावरत. शेवटी त्यांनीच त्याला फोन करून सांगितले, “अरे, तुमच्या त्या पुस्तकाचा सिनेमा आलाय म्हणे. घेऊन जा तिला. मी म्हटलं तर येणार नाही, तू म्हण.” ती आली. थिएटरातल्या खुर्चीचा हात तुटलेला होता आणि त्यातून काथ्या बाहेर आला होता, हे त्याला आठवत होते. ताईच्या अंगाला औषधांच्या दुकानाचा वास येत होता. ती तिथे काम करी, आणि रजेवर असूनही तो वास गेलेला नव्हता. आणि मग तो प्रसंग. अंधारात तिने त्याचे मनगट धरले, अंगठ्याचे नख रुतेल इतके घट्ट. बाहेर पडल्यावर जिन्यात ती थांबली, आणि म्हणाली, “भूक लागलीय.” ती खूण पुढे कित्येक दिवस त्याच्या मनगटावर होती. म्हणजे हात खरा होता. भूक खरी होती. ताई उठली, कामावर जाऊ लागली, हसू लागली, हे सगळे जगाने पाहिले होते. मधली तेवढी एक गोष्ट काढून घेतली, तर हे सगळे उभे कशावर होते? अंधारात दोरीवर साप दिसतो तेव्हा साप खोटा असला तरी दोरी खरी असते, असे पूर्वसूरींनी सांगून ठेवले आहे; दोरीच नसेल तर काय म्हणायचे, हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

सोमवारी तो कामावर गेला. त्याच्या कामाची खोली म्हणजे खोलीच्या आत आणखी एक खोली होती. जाड भिंतींची, आत बसले की स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकू यावा अशी. माणसाला आत बसवायचे, कानांवर हेडफोन चढवायचे, आणि काचेपलीकडून बारीक बारीक होत जाणारे स्वर सोडायचे. ऐकू आला की त्याने बोट वर करायचे. मग कागदावर उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या मांडायच्या. सकाळी पहिलेच आलेले गृहस्थ निवृत्त घड्याळजी होते, आणि त्यांच्याबरोबर आलेली सून दाराशीच म्हणाली, “बाबांना ऐकू सगळं येतं हो, फक्त मी बोललेलं येत नाही.” घड्याळजी आत बसले, डोळे मिटले, आणि अतिशय गंभीरपणे बोट वर खाली करू लागले. मध्येच त्याने नेहमीप्रमाणे स्वर बंद ठेवला. काही सोडले नाही. काचेपलीकडे घड्याळजींचे बोट थोडे थरथरले आणि वर गेले. थोड्या वेळाने पुन्हा वर गेले. असे बहुतेकांचे होते. ते खोटे बोलत नसत. हे तो नव्याने कामावर येणाऱ्यांना मुद्दाम सांगत असे. ज्याला ऐकू यावेसे फार वाटते, त्याला शांतता पुरत नाही, एवढेच. अशी बोटे कागदावर मांडायची नसतात, सोडून द्यायची असतात. आजवर त्याने हजारो बोटे सोडून दिली होती. आज मात्र ते बोट वर राहिले तेवढा वेळ तो काचेतून त्याच्याकडे पाहत राहिला, आणि त्याला विचारावेसे वाटले, की बाबा, कसा होता तो स्वर? जाड होता की बारीक?

संध्याकाळी ताईचा फोन आला. “फलक पाहिलास?” तिचा आवाज फार दिवसांनी असा उजळ लागला होता. “तिकिटं तू काढ. तुझे भावोजी यायला नको म्हणतायत. आणि हे बघ, उद्या ये घरी, मला बोलायचंय.” तिला काय बोलायचे होते ते त्याला ठाऊक होते.

तो गेला तेव्हा ती मेजाशी बसून दुकानातून आणलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या निवडीत होती. मुदत उलटलेल्या एका बाजूला, बाकीच्या दुसऱ्या. भावोजी वर्तमानपत्राआड होते. “मला एकच बघायचंय,” ती मान वर न करता म्हणाली. “त्या आईनं ती सावली नेली, पुढे कुठे ठेवली? घरात नुसती ठेवून तर चालायचं नाही, पुन्हा गार पडेल. आता दुसरा भाग काढलाय म्हणजे ते दाखवायलाच हवं. नाही का?”

त्याला वाटले, इथेच गप्प बसावे. मग वाटले, थिएटरात गवे उडतील आणि ही वाट पाहत राहील. ते तर याहून वाईट. “ताई,” तो म्हणाला, “तो प्रसंग सिनेमात नाही. आम्ही परवा पुन्हा बघितला. सगळा.”

“नाही म्हणजे?”

“नाहीच. कपाट उघडतच नाही.”

तिचे बोट एका पट्टीवर थांबले. “असं कसं? तूच तर सांगितलास.”

“मी?”

“मग कोण? मी कुठे बघत होते? मध्यंतरानंतर डोळे मिटूनच बसले होते. दुखत होते. तू कानाशी सांगत होतास, आता हे होतंय, आता ती कपाटाशी गेली.”

“मी काहीच बोललो नाही, ताई. मी बघत होतो.” पण हे म्हणतानाच जिन्यातली ताई त्याला आठवली. “भूक लागलीय” म्हणण्याआधी ती काहीतरी बोलत होती. तिचे ओठ हलत होते. तिथला दिवा पिवळा होता. “तू,” तो म्हणाला, “तू जिन्यात मला सांगितलंस. गार पडली आहे, हे वाक्य तुझं आहे. तुझ्याच आवाजात आहे माझ्या डोक्यात.”

“माझ्या डोक्यात तुझ्या आवाजात आहे.”

वर्तमानपत्र खाली आले. “म्हणजे बघितलं दोघांपैकी कुणीच नाही,” भावोजी म्हणाले, “आणि मला मात्र बारा वर्षं ऐकवताय. मी चार लोकांना सांगितलं आहे हो ते. साहेबांच्या बायकोला सांगितलंय. रडल्या त्या.”

मग ताई थोडीशी हसली, आणि ते हसू चेहऱ्यावर पोहोचण्याआधीच कुठेतरी वाट चुकले. “मग माझा हात?” त्याने विचारले. खरे तर हे विचारायचे नव्हते. “मनगट धरलंस ना तू माझं. कशासाठी धरलंस?”

ती आठवू लागली. प्रामाणिकपणे आठवू लागली, हे तिच्या कपाळावरून दिसत होते, आणि त्या प्रामाणिकपणाची त्याला भीती वाटली. “काहीतरी मोठा आवाज झाला होता ना,” ती म्हणाली. “जनावर ओरडलं असेल. मी दचकले असेन.” मग उठून ती आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला, भांडे भरून वाहू लागल्याचा आला, तरी नळ बंद होईना. तो कान देऊन ऐकत राहिला. ऐकणे हाच ज्याचा धंदा, त्याला त्या पाण्याच्या आवाजात रडणे आहे की नाही हे ओळखू येऊ नये, याची त्याला मनोमन लाज वाटली. भावोजी खालच्या आवाजात म्हणाले, “कशाला सांगितलंस? झाकली मूठ होती ती.” त्याला एवढेच कळत होते, की ताईला पुन्हा बसून राहायला लावायला मोठे दुःख लागत नाही. खालची एक वीट काढली तरी पुरते, आणि ती वीट आपण काढली. नळ बंद झाला. ताई पदराला हात पुसत बाहेर आली, मुदतीत असलेल्या गोळ्यांची एक पट्टी तिने मुदत उलटलेल्यांत टाकली, मग ती चूक ध्यानात येऊन पुन्हा उचलली. “तिकिटं दुपारच्या खेळाची काढ,” ती म्हणाली. “कडेच्या खुर्च्या नकोत.”

ती येते म्हणाली म्हणजे काय, हे त्याला खेळाच्या दिवसापर्यंत उमगले नाही. आशा उरली होती म्हणून, की ती उरली नाही याची खात्री करून घ्यायला? छपाईवाला आणि ग्रंथपालबाई चार रांगा पुढे बसले होते. बाईंनी मागे वळून हात हलवला, छपाईवाल्याने दोन्ही कानांवर हात ठेवून कानवाल्यांना सलामी दिली. थिएटर नवे होते, खुर्च्यांचे हात शाबूत होते. दिवे मंदावले, आणि धुके आले, आणि धुक्यातून दार आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही वाजवल्या. पहिल्या काही मिनिटांत त्याला वाटले, या वेळी जमले आहे, हे खरोखर तेच नगर आहे. मग गवे आले. पुढून छपाईवाल्याचा ओळखीचा निःश्वास ऐकू आला. मग पुन्हा वाटले, नाही, थांबा, या सावल्या चांगल्या आहेत, या भिंतींवर खरेच ओल आहे. चांगले आणि वाईट यांची अशी सरमिसळ झाली होती, की कशावर विश्वास टाकावा हे मनाला ठरवता येईना. आणि त्या गोंधळातच द्वारपालिका आली. नटी तीच होती. एक तप तिच्यावरूनही गेले होते. केस पिकले होते, आणि ते कुणी रंगवून पिकवलेले वाटत नव्हते. ती कपाटापुढे येऊन उभी राहिली. हात कडीवर गेला.

त्याने ताईकडे पाहिले. तिचे डोळे मिटलेले होते.

झोपली का? की दुखताहेत? की हे डोळे मिटणे म्हणजे, हा पडदा मला नको, हे सांगणे आहे? तिच्या मांडीवर दोन्ही तळहात उघडे होते, एकमेकांशेजारी, काही न धरता. काहीतरी बोलावे असे त्याला फार वाटले. कपाट उघडतंय, असे म्हणावे? पण ते उघडेल की नाही हे अजून त्यालाही ठाऊक नव्हते. तळाच्या खणात काय असेल, काही असेल का, हे पडद्यावरच्या त्या पिकल्या केसांच्या बाईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हते, आणि कदाचित तिलाही नसेल. त्या जाड भिंतींच्या खोलीत बसल्यासारखे झाले. स्वतःच्या रक्ताचा आवाज, आणि त्यापलीकडे काही नाही. आपण गप्प आहोत, याविषयी त्याला मुळीच शंका नव्हती.

“हं,” ताई म्हणाली.

अगदी हळू म्हणाली. डोळे उघडले नाहीत. पलंगावर आडव्या पडलेल्या पोराने पुस्तक मिटू नये म्हणून द्यावा तसा तो हुंकार होता, आणि तो कशाला दिला होता हे त्याला समजेना. थोड्या वेळाने तिच्या उघड्या तळहातांची बोटे किंचित मिटली, ओंजळ व्हावी इतकीच, आणि ती पुन्हा म्हणाली, “हं. मग?”

पडद्याचा उजेड बदलला. कपाट उघडले असेल, किंवा दार लागले असेल. तो तिकडे पाहत नव्हता. अंधारात त्याने हात वर नेला आणि आपले ओठ हलत आहेत का, हे बोटांनी चाचपून पाहू लागला.